चपलांच्या कपाटातला सर्व्हर

झाला प्रकार कुणाला सांगायचा नाही, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, आणि बायकोनं ते दुसऱ्याच दिवशी शाळेच्या शिक्षक-खोलीत सांगून टाकलं. आता ज्यांना अर्धवट कळलंय ते उरलेलं आपल्या मनानं भरतात, आणि त्यांच्या कहाणीत मी आहे त्याहून जास्त बावळट निघतो. तेव्हा सगळं एकदा माझ्याच तोंडून आलेलं बरं. गेलेली अब्रू त्यानं परत येईल अशी आशा नाही, पण निदान आहे तेवढाच बावळट दिसेन.

मी नोंदणी खात्यात, अभिलेख शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. व्यवस्थितपणा माझ्या अंगात मुरलेला आहे. माझ्या टेबलावरची टाचणीसुद्धा मला विचारल्याशिवाय हलत नाही. घरातून निघतानाही माझा क्रम ठरलेला: आधी स्वयंपाकघरातला नळ, मग गॅस, मग खिडक्या, मग दिवे-पंखे, मग कुलूप, आणि कुलूप तीनदा ओढून बघणे. ही शिस्त आईची. आई जाऊन एकवीस वर्षं झाली, पण तिची शिस्त आमच्या घरात शाबूत आहे. शाखेच्या दारावर ‘खोली सोडताना दिवे व पंखे बंद करावेत’ अशी पाटी आहे, तीही माझ्याच अक्षरातली. लोक तिला हसतात. हसोत बापडे.

तर सर्व्हर. आमच्याकडे जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या, चौदा. त्या एका दुकानातून कॉम्प्युटरच्या फायलींत उतरवून आणल्या. मग इंटरनेटवर एका भल्या माणसाचा पाऊण तासाचा व्हिडिओ बघून, वहीत टिपणं काढून, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा मी स्वतः सर्व्हर केला. म्हणजे असं की फायली राहणार त्या कॉम्प्युटरमध्ये आणि दिसणार टीव्हीवर, मोबाइलवर, जगात कुठेही. हॉलमध्ये त्याला जागा द्यायला बायकोनं साफ नकार दिला, म्हणून दाराजवळच्या चपलांच्या कपाटात, वरच्या खणात त्याची स्थापना झाली. शेजारी इंटरनेटचा राउटर. दोघांची वायर दारालगतच्या बटणांच्या पाटीवर. पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर कॅसेटमधली माझी लहानपणची, मुंज न होताच झालेली हजामत दिसली तेव्हा मी जो काही फुगलो, तो पुढे तीन आठवडे खाली आलो नाही.

आणि त्या फुगलेपणातच मी ताईला शब्द दिला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. राहते इथून आठ तासांवर. तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधी तीन आठवडे तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. ताई घाबरली की घाबरले असं म्हणत नाही, दुसरंच काहीतरी मागते. या वेळी तिनं नऊ नंबरची कॅसेट मागितली.

ती कॅसेट मी चौदा वर्षांचा असताना काढलेली, शेजाऱ्यांचा कॅमेरा उसना आणून. ताई नोकरीसाठी परगावी निघाली तो दिवस. आईला ते पसंत नव्हतं. दोन आठवडे ती ताईशी धड बोलली नव्हती. ताई बॅग घेऊन जिना उतरली तेव्हा आई वरून काहीतरी म्हणाली, पण खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता, ताईला ऐकू गेलं नाही. पुढे विचारायचा तिला धीर झाला नाही, आणि मग विचारायला आई राहिली नाही. मला तर त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आईचा आवाज असलेली आमच्याकडे तेवढी एकच कॅसेट.

"तू आधी बघू नकोस हं," ताई फोनवर म्हणाली. "मी बघेन, मग तू. ऑपरेशनच्या आधी एकदा ऐकायचंय मला, काय म्हणाली होती ते."

"उद्याच बघ," मी म्हटलं. "आपला सर्व्हर आहे ना!"

बायको शेजारीच वह्या तपासत होती. म्हणाली, "अहो, पेन ड्राइव्हवर घालून पाठवून द्या की. परवा मिळेल त्यांना."

पेन ड्राइव्ह! घरात स्वतःचा सर्व्हर असलेल्या माणसानं पेन ड्राइव्ह पाठवायचा! तो शब्द पुन्हा घरात काढायचा नाही असं मी तिला बजावलं. इथे मी थांबून हात जोडतो, कारण त्या दिवशी तिचं ऐकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाची शनिवार-रविवार सोडून रोज साडेअकराला कामावर जाण्यापूर्वी दवाखान्यात येई, तेव्हा तासभर ताईला तिचा टॅब मिळे. संध्याकाळी दवाखान्यात तसलं काही चालत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी बरोबर साडेअकराला मी ऑफिसातून फोन केला.

"मामा, इथे 'सर्व्हर सापडत नाही' असं येतंय," भाची म्हणाली.

"परत दाब."

तिनं परत दाबलं. सर्व्हर सापडला नाही. मी माझ्या मोबाइलवर उघडून पाहिलं, तिथेही सापडला नाही. संध्याकाळी घरी आलो, दिवे लावले, हातपाय धुतले, टीव्ही लावला, तर सर्व्हर आपला जागच्या जागी हजर. हजामत सुरू.

म्हणजे घरात चालतो, बाहेर चालत नाही. हे निदान मी पहिल्याच दिवशी केलं आणि त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिलो. ते शब्दशः खरं होतं, हेच माझं दुर्दैव.

ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागात एक चष्मेवाले आहेत. ते म्हणाले, "पोर्ट उघडलंत का?" पोर्ट म्हणजे घराला दार तसं इंटरनेटला दार; ते बाहेरच्यांसाठी उघडं ठेवावं लागतं. ज्या माणसानं आयुष्यभर कुलूप तीनदा ओढून पाहिलं त्याला दार उघडं ठेवा म्हणून सांगणं सोपं, उघडणं अवघड. तरी बहिणीसाठी मी तेही उघडलं. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सर्व्हर सापडला नाही. मग ते म्हणाले, इंटरनेटवरचा घराचा पत्ता बदलत राहतो, तो कायमचा घ्या. कंपनीला अर्ज करून कायमचा पत्ता घेतला. सापडला नाही. मग ते म्हणाले, आता मला वरिष्ठांनी बोलावलंय.

वरच्या मजल्यावर टेलिफोनवाले काका राहतात; टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून इमारतीतली कुठलीही वायर त्यांना विचारल्याशिवाय वाकत नाही. ते आले, खाली बसले, कपाटातल्या चपला बाहेर काढल्या आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"वळणं फार आहेत," ते म्हणाले. "आत येताना उतार मिळतो, बाहेर जाताना चढ लागतो. वायर सरळ करा."

मी वायर सरळ केली. त्यासाठी ती हॉलच्या मधून न्यावी लागली आणि बायको तिच्यात पाय अडकून वह्यांसकट पडली. तिनं उठून पहिला शब्द 'पेन' असा काढला, तेव्हा मी दुसऱ्या खोलीत गेलो.

मग कंपनीचं तक्रार केंद्र. मी ऑफिसातून फोन करायचो.

"सर, आत्ता आपण घरी आहात का?"

"नाही, ऑफिसात. म्हणून तर चालत नाहीये!"

"मग घरी गेल्यावर फोन करा, सर."

घरी जाऊन फोन करायचो.

"सर, आत्ता चालू आहे का?"

"आत्ता आहे, पण—"

"धन्यवाद, सर." आणि लगेच मोबाइलवर निरोप: आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. माझ्या अशा सहा तक्रारी समाधानकारकरीत्या सोडवण्यात आल्या. मी स्वतः बावीस वर्षं सरकारी खात्यात काढली आहेत, कागद कसा बंद करतात हे मला कुणी शिकवू नये. पण इतक्या सफाईनं आम्हालाही जमलेलं नाही.

सातव्या तक्रारीला माणूस आला. माझ्याच वयाचा, शांत, खांद्यावर शिडी. त्याची शिडी जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हापासून आम्ही त्याला शिडीवाले म्हणायला लागलो. त्यांनी खांबापासून राउटरपर्यंत सगळं तपासलं, मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, दोनचार ठिकाणी दाबलं आणि माझ्यापुढे धरला. त्यावर माझी हजामत चालू होती.

"साहेब, बाहेरून चालतंय."

"बाहेरून कुठे? तुम्ही माझ्या हॉलमध्ये उभे आहात!"

"माझ्या फोनला तुमचं इंटरनेट नाहीये, साहेब. माझं आहे. म्हणजे हे बाहेरूनच झालं."

"असं कसं? तुमचे पाय कुठे आहेत?"

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग शिडी उचलली आणि म्हणाले, "साहेब, लाइन चोख आहे." ते दुसऱ्यांदा आले, तेव्हाही हेच म्हणाले. तिसऱ्यांदाही. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी साडेअकराला सर्व्हर गायब.

इथून पुढचं सांगताना माझी मान आपोआप खाली जाते. खालच्या मजल्यावर एक बाई चित्रकलेचा क्लास घेतात. दुपारची तीस मुलं. मी सरळ त्यांच्या दारात जाऊन, मुलांदेखत, "दुपारच्या वेळी आमचं इंटरनेट इथेच शोषलं जातंय" असं म्हणालो. बाईंच्या हातात ब्रश होता. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे इंटरनेट नाहीच." त्यानंतर त्या आमच्याशी बोलेनाशा झाल्या. दोन दिवसांनी ताईलासुद्धा मी फोनवर म्हणालो, "ताई, तुला टॅब नीट धरता येत नसेल. बोट कुठेतरी लागतंय तुझं." ताई म्हणाली, "असेल बाबा." छातीत बिघडलेली झडप घेऊन पडलेल्या बहिणीला मी हे म्हणालो.

मधल्या एका सरकारी सुट्टीच्या दिवशी मात्र चमत्कार झाला. बायको माहेरी गेलेली, मी घरी. साडेअकराला भाचीचा फोन आला. "मामा, लागलं! दिसतंय!" मागून ताईचा आवाज येत होता, "अग, हा आपला जिना! ही बघ आई!" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. असा क्षण साक्षीदाराशिवाय वाया जाऊ नये म्हणून टेलिफोनवाल्या काकांना बोलवायला मी वर धावलो. वर पोचतो न पोचतो तोच पुन्हा फोन.

"गेलं, मामा. आजीनं तोंड उघडलं आणि बंद पडलं."

काका म्हणाले, "चढ."

त्या दिवशी माझा संयम संपला. मी कंपनीला लेखी तक्रार दिली. अकरा मुद्दे, सुवाच्य अक्षर, समास सोडून. सातव्या मुद्द्यात शिडीवाल्यांबद्दल 'सदर कर्मचारी बेजबाबदार असून वस्तुस्थिती दडवीत आहे' असं वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं की मी ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं.

ऑपरेशन शुक्रवारी होतं. शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं मी जाणारच होतो, पण मी पोचेपर्यंत तिला आत नेलेलं असणार. म्हणजे गुरुवारचा साडेअकरा हा शेवटचा. बुधवारी ताई म्हणाली, "राहू दे रे. नसेल नशिबात. तू जिवाला लावून घेऊ नकोस." ती मलाच समजावत होती.

गुरुवारी सकाळी नऊला, बायको शाळेला गेल्यावर मी निघायच्या तयारीत असताना, दारात शिडीवाले. या वेळी शिडी नव्हती. हातात एक कागद होता.

"साहेब, तुमच्या तक्रारीवर माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. अठरा वर्षांत पहिल्यांदा." ते रागानं बोलत नव्हते, त्यामुळे ऐकवत नव्हतं. "मी दडवलं काय, तेवढं मला कळू द्या. तुम्ही रोज कसे जाता तसे निघा. मी तुमच्याबरोबर बाहेर पडतो आणि वाटेत बघत राहतो, नेमकं कुठे तुटतंय ते."

त्यांनी मोबाइलवर हजामत लावली आणि ते दारात उभे राहिले. मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातला नळ पाहिला. गॅस पाहिला. खिडक्या लावल्या. आतल्या खोलीचा पंखा, दिवा. हॉलचा पंखा, दिवा. मग दारालगतची पाटी: एक, दोन, तीन, चार. कुलूप काढून हातात घेतलं.

शिडीवाले मोबाइलकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग पाटीकडे. मग चपलांच्या कपाटाकडे, ज्यातली नेहमीची घरघर आता थांबली होती.

"साहेब," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे आत्ता काय केलंत?"

"काय केलं? बटणं बंद केली."

"रोज करता?"

"म्हणजे काय! रोज! घर सोडून जाताना माणूस—"

इथे माझं वाक्य संपलं. ते अजून तिथेच आहे.

ते हसले असते तर बरं झालं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी आत हात घालून चौथं बटण चालू केलं आणि आम्ही दोघांनी कपाटातली घरघर ऐकली. सुट्टीच्या दिवशी काकांना बोलवायला वर धावलो तेव्हासुद्धा मी कुलूप लावून, बटणं बंद करून धावलो होतो, हे मला तेव्हा आठवलं. मी आत जाऊन वही काढली. त्या भल्या माणसाच्या व्हिडिओवरून घेतलेल्या टिपणांत पहिलंच वाक्य होतं: सर्व्हर चोवीस तास चालू ठेवावा. खाली लाल शाईची रेघ. रेघ मीच मारली होती.

"मी तक्रार मागे घेतो," मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

"त्याला वेगळा फॉर्म आहे," शिडीवाले म्हणाले आणि तो त्यांच्या पिशवीतून निघाला. त्यात ‘दोषाचे कारण’ असा रकाना होता. बावीस वर्षांत मी लोकांकडून हजारो रकाने भरून घेतलेत, 'रिकामा ठेवू नका' म्हणून ओरडलोय. तो मी भरला. ‘तक्रारदार स्वतः बटण बंद करीत असे.’ सही केली, खाली तारीख घातली. शिडीवाल्यांनी वाचून घडी केली आणि म्हणाले, "आज ऑफिसला जाऊ नका, साहेब. बहिणीला बघू द्या." मी त्यांची माफी मागितली. ते "असू द्या" म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांच्या त्या "असू द्या"नं मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी रजा टाकली आणि चपलांच्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसलो. साडेअकराला फोन आला.

"मामा, लागलं. आई बघतेय."

मग ताई फोनवर आली. "काय बिघडलं होतं रे?"

"कंपनीचं होतं काहीतरी," मी म्हटलं. होय, म्हटलं. एवढं सगळं होऊनही म्हटलं. "आता दुरुस्त केलं त्यांनी."

"तूही लाव. दोघं मिळून बघू."

मी मोबाइल स्पीकरवर ठेवला आणि टीव्ही लावला. जिना. बॅगेच्या मुठीवर ताईचा हात. खाली हॉर्न. चित्र हलत होतं, कारण कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली होती आणि तो हॉलमधल्या बटणाला लांब वायरनं जोडून मी कसाबसा दारापर्यंत आणला होता. ताई उतरायला लागली. आई कठड्याला धरून वाकली. चौतीस वर्षांनी तिनं तोंड उघडलं.

"अग, जा तू. मी काही रागावले नाहीये. मला करमायचं नाही, एवढंच."

हॉर्न वाजत होता. ताईची पाठ खाली गेली, तिला ते ऐकू गेलेलं नव्हतंच. फोनवर ताईचा श्वास मला ऐकू येत होता.

मग पडद्यावर आई वळली. सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे.

"आणि तू काय बघत उभा राहिलास? खाली जायचंय ना पोचवायला? आतली बटणं बंद केलीस का? जा, आधी बघून ये!"

चित्र गर्रकन फिरलं. हॉल आला, भिंत आली, बटणांची पाटी आली. मागून आई पुन्हा ताईला हाक मारत होती, "आणि हे बघ, पोचलीस की—" पडद्यावर एक बारकासा हात पुढे झाला. एक. दोन. तीन.

अंधार. कॅसेट तिथेच संपली.

मी डोळे मिटून घेतले. मग फोनवर कसलासा आवाज यायला लागला. मला वाटलं ताई रडतेय. रडत होतीच, पण त्याहून जास्त हसत होती. भाची "आई, हळू, आई, पुरे" म्हणत होती.

"पोचलीस की पत्र टाक," ताई श्वास घेत म्हणाली. "दुसरं काय म्हणणार ती." मग थोडं थांबली. "ए. खरं सांग. कंपनीचं काही नव्हतं ना?"

मी चौथ्या बटणाकडे पाहिलं.

"बटण तूच बंद करत होतास. रोज."

"हो," मी म्हटलं.

"तरी म्हटलं, माझं बोट कुठे लागत होतं!" आणि ती पुन्हा हसायला लागली, ती नर्स येऊन टॅब काढून घेईपर्यंत. फोन ठेवण्याआधी तिनं एवढंच सांगितलं, "उद्यापुरतं चालू ठेव हं. बाहेर आले की परत बघायचंय मला."

संध्याकाळी मी खाली जाऊन क्लासवाल्या बाईंची माफी मागितली, पुन्हा मुलांदेखत. एका मुलीनं विचारलं, "म्हणजे बटण यांनीच बंद केलेलं?" बाई म्हणाल्या, "आपापलं चित्र बघा."

दुसऱ्या दिवशी पहाटे बॅग घेऊन निघालो. नळ पाहिला, गॅस पाहिला, खिडक्या, पंखे, दिवे. कुलूप लावून तीनदा ओढलं. अर्धा जिना उतरलो आणि थांबलो. परत वर आलो, कुलूप काढलं, आत वाकून पाहिलं. चौथं बटण चालू होतं. खाली उतरलो. पुन्हा वर आलो. बायको दारात येऊन डोळे चोळत म्हणाली, "अहो, मी घरातच आहे! कुलूप कसलं लावताय?"